आड आणि पोहरा : शाश्वतता व मानवी कल्याण याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अर्थशास्त्र शिकवताना आणि त्यावर लिहिताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. काही विद्यार्थ्यांचे आहेत, काही शेती करणाऱ्यांचे, आणि दोन-तीन सरळ चिडून विचारलेले. भाषा शक्यतो विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. एकच गोष्ट दोनदा सांगायला लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शाश्वतता म्हणजे नेमकं काय? पुस्तकी भाषा नको.

शेतकऱ्याच्या घरात दोन प्रकारचं धान्य असतं, खायचं आणि पेरायचं. खायचं संपलं तर चार दिवस ओढाताण होते. पेरायचं दळून खाल्लं तर पुढचं वर्षच गेलं. हा फरक सबंध समाजाच्या हिशेबात करणं म्हणजे अर्थशास्त्रातली शाश्वतता.

ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये उत्पन्नाची व्याख्याच या अंगाने केली. आठवड्याच्या सुरुवातीला आपण जेवढे सुस्थितीत होतो तेवढेच शेवटीही राहू, अशा बेताने जास्तीत जास्त जेवढं खर्चता येईल, तेवढंच आपलं उत्पन्न. त्यापुढचा प्रत्येक रुपया मुद्दलातून गेला. मुद्दल म्हणजे फक्त बँकेतला पैसा नव्हे. रस्ते आणि यंत्रं, माणसांचं आरोग्य आणि शिक्षण, जमीन-पाणी-जंगल, आणि एकमेकांवरचा विश्वास व चालत्या संस्था, हे सगळं त्यात आलं.

२. स्पर्धा परीक्षेत कोणती व्याख्या लिहू?

ब्रुंटलँड आयोगाची, १९८७ : भावी पिढ्यांच्या गरजा भागवण्याच्या क्षमतेला धक्का न लावता आजच्या पिढीच्या गरजा भागवणारा विकास. ग्रो हार्लेम ब्रुंटलँड नॉर्वेच्या पंतप्रधान होत्या. पुढे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरवली. गुणांपुरतं एवढं बास.

३. ही सगळी पाश्चात्त्यांची टूम आहे ना? आपल्याकडे असला शब्द होता का?

शब्द जर्मन आहे. सॅक्सनीत चांदीच्या खाणी आणि भट्ट्यांनी आसपासची जंगलं फस्त केली, तेव्हा तिथले खाण-अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये लिहिलं की जेवढं लाकूड पुन्हा उगवतं तेवढंच तोडावं.

गंमत म्हणजे जवळपास त्याच सुमारास, १७१५-१६ च्या आसपास, मराठा राज्याचे कारभारी रामचंद्रपंत अमात्य यांनी आज्ञापत्र हा राज्यनीतीचा ग्रंथ लिहिला. त्यांच्यापुढे प्रश्न आरमाराचा होता. गलबतांना लाकूड लागतं, ते सागवानासारखं रानातलं हुजुराच्या परवानगीने तोडावं. आंबा-फणसाचं लाकूडही कामाचं, पण त्याला हात लावू देऊ नये, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादं अगदीच जीर्ण असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं. (हा उतारा शिवाजी महाराजांचं पत्र म्हणून फिरत असतो. तो अमात्यांच्या आज्ञापत्रातला आहे.)

मला यात अमात्यांचा हिशेब कार्लोविट्झपेक्षा भरीव वाटतो. झाड उगवायला किती वर्षं लागतात हे दोघांनी पाहिलं. ते तोडल्यावर रडणार कोण, हे अमात्यांनी पाहिलं.

४. ‘शाश्वत’ म्हणजे कायमचं. जगात कायमचं काही असतं का?

नसतं, आणि भाषांतराने हा घोळ वाढवला आहे. प्रत्येक वस्तू, प्रत्येक धंदा जसाच्या तसा टिकवा असं कुणी म्हणत नाही. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांचं म्हणणं असं की पुढच्यांना अमुक एक वस्तू देणं लागत नाही, त्यांना निदान आपल्याइतकं चांगलं जगता येईल एवढी ऐपत देणं लागतं. अमर्त्य सेन त्यावर एक पाऊल पुढे जातात. माणूस म्हणजे फक्त गरजांचं गाठोडं नाही. स्वच्छ हवा घेण्याचं किंवा एखादा पक्षी जगावा असं वाटण्याचं स्वातंत्र्य हेही पुढे द्यायचं आहे, त्या पक्ष्यावाचून कुणाचं जेवण अडत नसलं तरी. ‘टिकाऊ’ हा शब्द खरं तर जास्त प्रामाणिक होता, पण तो साड्यांच्या जाहिरातींनी आधीच घेतला.

५. जीडीपी वाढतोय म्हणजे बरंच चाललंय ना?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते. जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांचं एकूण मोल, तो वर्षभरात किती पोहरे भरून वर आले ते मोजतो. आडातली पातळी मोजणं त्याचं कामच नाही.

विहीर आटते. शेतकरी बोअर मारतो, तर रिगवाल्याचं बिल, पाइप, मोटर, कर्जावरचं व्याज, सगळं जीडीपीत जमा. बोअरही कोरडी जाते आणि टँकर लागतो, तोही जमा. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं. पहिल्या गाडीत १० टाक्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. आर्थिक हालचाल म्हणून ती वाहतूक जमेच्याच बाजूला पडते. आधी जे पाणी दारात फुकट होतं त्याची नोंद मात्र कुठेच नव्हती, म्हणून ते गेल्याचीही नोंद नाही.

राष्ट्रीय उत्पन्नाचं मोजमाप घडवणारे सायमन कुझनेट्स यांनी १९३४ मध्येच अमेरिकी काँग्रेसला बजावलं होतं की या आकड्यावरून देशाचं कल्याण ताडू नका. आकडा सगळ्यांनी घेतला, इशारा तिथेच राहिला.

६. मग कल्याण आणि शाश्वतता मिळून एकच निर्देशांक का काढत नाहीत?

काढू नये म्हणून. कल्याण मोजायला १९९० पासून मानव विकास निर्देशांक आहे. महबूब उल हक यांनी तो सेन यांच्या मदतीने घडवला, आणि त्यात आयुर्मान, शिक्षण व उत्पन्न येतं. पण तो आज कसं चाललंय एवढंच सांगतो. स्टिग्लिट्झ, सेन आणि फितूसी यांच्या आयोगाने २००९ मध्ये गाडीचं उदाहरण दिलं. वेग आणि टाकीतलं इंधन यांची मिळून एकच संख्या दाखवणारा काटा चालकाच्या काय कामाचा? ताशी ८० चा वेग आणि ५ लिटर पेट्रोल यांची बेरीज ८५ नव्हे.

आज सुखात आणि उद्या वांध्यात, किंवा आज हालात पण पाया शाबूत, या दोन्ही गोष्टी संभवतात. दुसऱ्या प्रकाराचं आपल्याकडे फार कौतुक होतं. त्याबद्दल प्रश्न १५ मध्ये.

७. आडातली पातळी मोजायची कशी?

एक ढोबळ पद्धत जागतिक बँक वापरते. देशाची बचत घ्या, यंत्रं-इमारतींची झीज वजा करा, शिक्षणावरचा खर्च मिळवा, काढलेलं खनिज, तोडलेलं जंगल आणि प्रदूषणाचं नुकसान वजा करा. उत्तर उणे आलं तर देश पेरणीचं धान्य खातो आहे.

दुसरी पद्धत एकूण संपत्तीच मोजण्याची. पार्थ दासगुप्ता यांच्या २०२१ च्या अहवालात १९९२ ते २०१४ या काळाचा जगाचा अंदाज आहे : दरडोई बांधलेलं भांडवल (रस्ते, यंत्रं) दुप्पट झालं, दरडोई मानवी भांडवल (आरोग्य, शिक्षण) सुमारे १३ टक्क्यांनी वाढलं, आणि दरडोई नैसर्गिक भांडवल जवळपास ४० टक्क्यांनी घटलं. भारताच्या हरित लेखांकनाचा, म्हणजे निसर्गाची घटही धरून देशाचा हिशेब मांडण्याचा, आराखडाही दासगुप्तांच्याच समितीने २०१३ मध्ये दिला होता. अर्थसंकल्पाच्या रात्री टीव्हीवर त्याचं नाव निघत नाही.

८. खनिज तर काढलं की संपणारच. म्हणजे खाणकाम शाश्वत असूच शकत नाही?

अर्थशास्त्राचं उत्तर जरा अनपेक्षित आहे : खनिज संपलं तरी चालेल, त्याची किंमत संपता कामा नये. जॉन हार्टविक यांनी १९७७ मध्ये मांडलेला नियम असा की खर्च आणि वाजवी नफा वजा जाता खनिजातून जी कमाई उरते ती खाऊ नका, टिकणाऱ्या भांडवलात घाला. वडिलोपार्जित जमीन विकावीच लागली तर त्या पैशात लग्न उरकायचं की दुसरी जमीन घ्यायची, एवढाच हा प्रश्न.

नॉर्वेने दुसरी जमीन घेतली. १९९० मध्ये तेलाच्या पैशाचा निधी कायद्याने स्थापन झाला, १९९६ मध्ये त्यात पहिली रक्कम पडली. सरकारने त्यातून साधारण अपेक्षित परताव्याइतकंच काढायचं, असं २००१ मध्ये ठरलं. हा दर आधी ४ टक्के होता, २०१७ पासून ३ टक्के आहे. मुद्दल जागेवर राहतं.

आपल्या शेजारी गोव्यात हाच विचार कोर्टामार्गे आला. लोहखनिजाच्या बेकायदा उत्खननाविरुद्ध गोवा फाउंडेशनने लढलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी निकाल दिला. उत्खननावर वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा आली आणि विक्रीच्या रकमेचे १० टक्के गोव्याच्या लोहखनिज स्थायी निधीत भरायचे ठरले, शाश्वत विकासासाठी आणि पिढ्यांमधल्या न्यायासाठी. भारतात हे शब्द व्याख्यानातून उतरून वसुलीच्या आदेशात आले, हे मला महत्त्वाचं वाटतं. १० टक्के पुरेसे आहेत का? हार्टविकच्या नियमाला खर्च आणि वाजवी नफा वजा जाता उरलेलं सगळं हवं. त्या मापाने १० टक्के म्हणजे सुरुवात.

९. निधी काढला म्हणजे झालं का?

नाउरूला विचारा. प्रशांत महासागरातलं २१ चौरस किलोमीटरचं हे बेट, म्हणजे एखाद्या तालुक्याच्या गावाची शीव. पोटात उत्तम फॉस्फेट. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि सत्तरच्या दशकात दरडोई उत्पन्नात ते जगातल्या श्रीमंतांत गेलं. त्यांनीही फॉस्फेटच्या पैशाचा निधी केला होता. नियम कागदावर पाळलेला होता. पण पैसा मेलबर्नमधल्या गगनचुंबी इमारतीसह भलभलत्या ठिकाणी गुंतला, चुकीचे सौदे झाले, तूट भरायला कर्जं काढली गेली. फॉस्फेट आटलं तोवर निधीही आटला, आणि बेटाचा चार-पंचमांश भाग खणून खडकाळ, निरुपयोगी झाला होता.

मुद्दलाचा चौथा भाग (प्रश्न १), म्हणजे हिशेब मागणाऱ्या संस्था, दुबळा असेल तर बाकीचे तीन राखता येत नाहीत.

१०. पण पैशाने सगळं भरून निघतं, हे तुम्ही मानता?

नाही, आणि इथेच अर्थशास्त्रज्ञांत दोन तट आहेत. ‘दुर्बल’ शाश्वततेवाले म्हणतात, एकूण मुद्दल घटलं नाही की पुरे. जंगल गेलं आणि तेवढ्याच मोलाचं इस्पितळ आलं तर हिशेब जुळला. ‘सबल’ शाश्वततेवाले म्हणतात, काही गोष्टींना पर्यायच नाही, त्या वेगळ्या मोजा. अर्थशास्त्रज्ञ हर्मन डेली यांचे तीन नियम याच तटाचे. उगवेल तेवढंच तोडा. पचेल तेवढीच घाण टाका. संपणारी वस्तू तिचा पर्याय उभा राहील त्याच वेगाने वापरा.

गोव्याकडेच पाहा. लोहखनिजाच्या जागी निधी चालेल, कुणी नुसतं लोहखनिज घेऊन जगत नाही. पण खाणी भूजलाच्या पातळीखाली गेल्या, आत साठणारं पाणी उपसून टाकावं लागलं, आणि आसपासच्या विहिरी आटल्या. त्या विहिरीच्या जागी बँकेतली ठेव ठेवून काय करायचं? मी खनिजापुरता दुर्बल पक्षात आहे, आणि पाणी, माती व हवामानापुरता सबल पक्षात. दोन्ही दगडांवर पाय म्हणा हवं तर.

११. शंभर वर्षांनंतरच्या माणसांची किंमत आज कशी ठरवतात? हे अनैतिक नाही का?

ठरवतात ते वटाव दराने, म्हणजे पुढच्या रकमेचं आजचं मोल काढताना दर वर्षामागे जेवढ्या टक्क्यांनी ती कमी धरतात त्या दराने. समजा, शंभर वर्षांनी होणारं १ लाख रुपयांचं नुकसान टाळायचंय. दर ८ टक्के धरला तर आज फक्त ४५ रुपये खर्चणं परवडतं. ५ टक्के धरला तर ७६० रुपये. १.४ टक्के धरला तर जवळपास २५ हजार. निकोलस स्टर्न यांच्या हवामानबदलावरच्या २००६ च्या अहवालातला दर या शेवटच्या आकड्याजवळचा होता. याच विषयावरचे दुसरे अर्थशास्त्रज्ञ विल्यम नॉर्डहाउस यांचा दर बराच वरचा. विज्ञान तेच असूनही दोघांच्या शिफारशी वेगळ्या निघाल्या, त्याचं मोठं कारण हा एक आकडा.

उद्याचे लोक आपल्यापेक्षा श्रीमंत असतील म्हणून दर थोडा लावणं मला पटतं. ते केवळ नंतर जन्मले म्हणून लावणं पटत नाही. फ्रँक रॅम्सी यांनी १९२८ मध्येच त्याला नैतिकदृष्ट्या असमर्थनीय म्हटलं होतं. आणि उद्याचे लोक श्रीमंतच असतील हे गृहीत धरलंय कुणी, तर नाउरूचा प्रश्न पुन्हा वाचा.

१२. आमच्या पोटाला आज नाही, तुम्ही पणतवंडांचं काय सांगता?

हा चिडून आलेल्यांपैकी एक प्रश्न, आणि चीड रास्त आहे. न जन्मलेल्यांचा न्याय आणि शेजारच्या भुकेल्याचा न्याय एकाच तत्त्वातून येतात. पहिला मानून दुसरा नाकारणं हा ढोंगीपणा.

पुरंदर तालुक्यात ७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत हे याचं मला माहीत असलेलं सर्वांत नेमकं उत्तर. पाणी जमिनीच्या मापाने नाही, घरातल्या माणसांच्या मापाने : माणशी अर्ध्या एकरापुरतं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरतं. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि उसाला पाणी नाही. या शेवटच्या अटीने आड राखला, आधीच्या तीन अटींनी पोहरा वाटून दिला. उसाची अट सोडून बाकीच्या घेता आल्या असत्या, असं म्हणणारे भेटतात. पाणी पुरलं नसतं.

१३. ठिबक केलं, पाणी वाचलं. शाश्वत झालो ना?

वाचलेल्या पाण्याचं काय केलंत ते सांगा. त्याच पाण्यात आणखी दोन एकर ऊस लावला असेल तर आडातून निघालेलं पाणी तेवढंच राहिलं. उलट पूर्वी पाटाने दिलेल्या पाण्याचा काही भाग जमिनीत मुरून शेजाऱ्याच्या विहिरीला जात होता, तोही थांबला. विल्यम स्टॅनले जेव्हन्स यांनी १८६५ मध्ये कोळशाबाबत हे पाहिलं होतं. इंजिनं काटकसरी झाली आणि कोळसा जास्त जळू लागला, कारण तो वापरणं परवडू लागलं.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने म्हणून बंधनं उपशावर घातली. शेतीसाठी बोअर नाही, ऊस-केळी नाही, आणि दरवर्षी पावसानंतर पाण्याचा ताळेबंद : आधी माणसं आणि जनावरं, उरलं त्यावर पिकं ठरवायची. ठिबक त्या चौकटीत उपयोगाचं ठरतं. चौकट नसेल तर ते फक्त उपशाचं चांगलं यंत्र आहे.

१४. मुंबईत बारा महिने नळाला पाणी येतं. आमचं शहर शाश्वत म्हणायचं का?

तानसा, मोडकसागर आणि भातसा ही धरणं ज्या शहापूर तालुक्याच्या परिसरात आहेत, तिथल्याच पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो. शहराचा हिशेब शहराच्या हद्दीत मांडला की तो नेहमीच जुळतो. कंपन्या आणि श्रीमंत देश ‘आम्ही शाश्वत’ म्हणतात तेव्हाही हेच विचारायचं : हद्द कुठे आखलीत? जंगल स्वतःचं राखून लाकूड दुसरीकडून आणलं तर तूट फक्त सरकली.

१५. आपली जुनी गावं शाश्वतच होती की. मग पुन्हा तसंच जगायचं का?

देवराया, गायरानं, नारळी पौर्णिमेआधी होडी न लोटण्याची कोळ्यांची रीत, यांत खरं शहाणपण होतं. जून-जुलैमधली यांत्रिक मासेमारीवरची सरकारी बंदीही साधारण त्याच पावसाळी दिवसांत येते, तेव्हा बऱ्याच माशांची वीण होते. (बंदी पाळूनही मासळी घटते, कारण उरलेल्या दहा महिन्यांत बारीक आसाची जाळी आणि बंदी असूनही लागणारे एलईडी दिवे तो हिशेब बुडवतात. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडने १९९२ मध्ये कॉड माशावर बंदी घातली तेव्हा फार उशीर झाला होता. मुद्दलच इतकं खालावलं की नंतरची कित्येक दशकं ते पूर्ण भरलं नाही.)

पण महाडचं चवदार तळं कितीतरी पिढ्या टिकलं होतं. पाणी होतं, तळं राखलेलं होतं. नगरपालिकेने ते सर्वांना खुलं केल्याचा ठराव झाल्यावरही, तिथलं ओंजळभर पाणी पिण्यासाठी २० मार्च १९२७ ला डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. जनावरांना मोकळीक आणि माणसांना मज्जाव, अशी ती व्यवस्था होती. आड शेकडो वर्षं भरलेला आणि पोहरा काहींच्याच हातात, तर मानवी कल्याणाच्या रकान्यात तिथे शून्य लिहावं लागतं. देवराई जरूर घ्या. बाकीचं गाव पारखून घ्या.

१६. हे सगळं ठीक. आमच्या सोसायटीच्या बोअरवेलचं शाश्वत आहे की नाही, कसं कळेल?

शेवटी एक साधा प्रश्न! पंप रात्रभर बंद ठेवून सकाळी पाण्याची खोली मोजा. वजन बांधलेली दोरी किंवा टेप पुरते. राज्याची भूजल यंत्रणा निरीक्षण विहिरी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यांत मोजते, तेच महिने धरा. उन्हाळ्यात पातळी खाली जाणारच, त्याने घाबरू नका. ऑक्टोबरची पातळी दर वर्षी साधारण तिथेच येत असेल तर तुम्ही व्याजावर जगताय. सारखाच पाऊस पडूनही ऑक्टोबरची खोली वर्षागणिक वाढत असेल तर मुद्दल चाललंय, मग नळाला कितीही जोर असो. दोन वर्षांच्या नोंदींवर घाईने निष्कर्ष काढू नका, पाच तरी हव्यात. पंपाच्या खोलीत वही टांगून ठेवा : तारीख, खोली, त्या वर्षीचा पाऊस. सोसायटीचा सेक्रेटरी बदलला की वही हरवते, तेव्हा दोन ठेवा.